बोटाएवढे दगडी पुतळे

धुळ्यात माझं रंगाचं दुकान आहे. तीस वर्षं मी डिस्टेंपर, ऑइलपेंट, पुट्टी, वॉर्निश विकत आलो आणि त्यांच्यासोबत फुकटचा सल्लाही देत आलो. खरं सांगायचं तर सल्लाच जास्त खपला. भिंतीला ओल आली म्हणून कुणी आलं, की त्याचं बोलणं संपायच्या आत माझा हात फळीवरच्या डब्याकडे गेलेला असायचा. गिऱ्हाईक अर्धं बोलतं, उरलेलं मला आपोआप कळतं, असा माझा समज होता. दुकानात हा समज चालून गेला. घरात तो चालत नाही हे कळायला मुलगी पंचवीस वर्षांची व्हावी लागली आणि मला उतारवयात खेळण्यातले पुतळे रंगवायला शिकावं लागलं.

मुलगी फेब्रुवारीच्या सुरुवातीला पुण्याहून परत आली. तिच्या कंपनीनं तिचा अख्खा विभागच बंद केला होता. दोन बॅगा आणि एक खोकं घेऊन आली, "थोडे दिवस राहते" म्हणाली आणि दुकानाच्या वरच्या मजल्यावर तिच्या जुन्या खोलीत गेली. जेवायला खाली यायची, आपलं ताट घासायची, पुन्हा वर. विचारलं तर उत्तर द्यायची, पण उत्तराच्या पुढे एक अक्षर नाही. मला काही धीर धरवत नाही. मी तिला पाच-सहा नोकऱ्या सुचवल्या आणि दोन ठिकाणी तिच्या वतीनं परस्पर फोनही करून टाकले. त्यानंतर ती मला फक्त "बघते" म्हणायला लागली. बायकोचं माहेर धरणगावकडचं. एरवी ती शहरातलं बोलते, पण काळजी वाटली की माहेरची अहिराणी तिच्या तोंडात येते. "मुकी व्हई गयी पोर," ती म्हणायची, "आनि तुम्ही नुसता फोन करी ऱ्हायनात."

एप्रिल लागला. आमच्याकडे त्या दिवसांत दुपारी एक ते चार दुकान उघडं ठेवण्यात अर्थ नसतो. रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही. अर्धं शटर ओढून मी कूलरसमोर पेपर वाचत पडलो होतो, तेवढ्यात मुलगी आतल्या जिन्यानं खाली आली.

"पप्पा, आपल्याकडे काळा प्राइमर आहे का? स्प्रेचा?"

दोन महिन्यांत तिनं आपणहून विचारलेला हा पहिला प्रश्न. कशाला हवाय, कशावर मारायचाय, लाकूड की लोखंड, असे तीन प्रश्न मी एका दमात विचारले. ती परत वळेल असं वाटलं, पण नाही वळली. हातातलं चपलांचं खोकं तिनं काउंटरवर उघडलं. आत जुन्या ओढणीवर बारा पुतळे निजवून ठेवले होते. बोटाच्या दोन पेरांएवढे, फिक्या करड्या रंगाचे. जळगावच्या मैत्रिणीकडे छपाईचं नवं यंत्र आहे, ते चित्राऐवजी वस्तू छापतं. त्याच्यावर तिनं ते काढून आणले होते. मी चष्मा लावला. डोक्यावर घडा घेतलेली बाई. डोळ्यांपुढे आडवा हात धरलेला माणूस. मागे मान टाकून हसणारा म्हातारा. दार लावता लावता मागे वळून बघणारी मुलगी. एकेकाच्या कपाळाच्या आठ्या मोजता आल्या असत्या.

मग ती बोलायला लागली. हा टेबलाभोवती बसून खेळायचा गोष्टीचा खेळ आहे. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात आणि कुणाला काय जमलं, कुणाला नाही, ते फाशांवर ठरतं. ही गोष्ट तिनं स्वतः रचली होती. एका गावातली माणसं एका क्षणात, होती तिथं, दगड झालीत. खेळणाऱ्यांनी त्या गावात यायचं, एकेक पुतळा हातात घेऊन त्याचा चेहरा बघायचा आणि दगड होताना त्याच्या डोळ्यांसमोर काय होतं ते ओळखायचं. आखाजीनंतरच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतरच्या रविवारी जळगावला मैत्रिणीच्या घरी ती हा खेळ पहिल्यांदा मांडणार होती. सहा जण खेळायला येणार होते.

मला त्यातलं अर्धं कळलं नाही. पण पोरगी सलग दहा मिनिटं बोलली होती, आणि ते संपू नये म्हणून मी बोलून गेलो, "मी रंगवून देतो की."

 तिनं खोक्यातून दार लावणारी मुलगी उचलली आणि मुठीत धरली.

"अकरा तुम्ही करा," ती म्हणाली. "ही मी करणार. तुमच्यासारखी येणार नाही, पण हिला हात लावायचा नाही. कशीही झाली तरी."

"मी कशाला हात लावू?"

"आठवीत लावला होता."

मला कळलं ती कशाबद्दल बोलतेय ते. आठवीत असताना तिनं जिल्ह्याच्या चित्रकला स्पर्धेसाठी आठवडे बाजार काढला होता. आदल्या संध्याकाळी मी तो पाहिला. माणसांची डोकी अंगापेक्षा मोठी झाली होती. ती अभ्यासाला बसली होती आणि माझे हात शिवशिवत होते. जरा नीट करून द्यावं म्हणून मी बसलो, डोकी लहान केली, सावल्या टाकल्या, मागे दोन झाडं घातली. चित्राला पहिलं बक्षीस मिळालं. ते प्रशस्तिपत्र मी फ्रेम करून दुकानात गल्ल्याच्या वर लावलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला वर्षभर दाखवलं. त्यानंतर ती चित्रं काढेना, ते मी वाढत्या अभ्यासावर ढकललं होतं.

"डोकी मी मुद्दाम मोठी काढली होती," ती म्हणाली. तिचा आवाज चढलेला नव्हता. "लहानपणी बाजारात यायचे तेव्हा मी तुमच्या कमरेएवढी होते. मला माणसं दिसायचीच नाहीत. वर नुसती डोकी, त्यांच्यावरची गाठोडी, टोपल्या, तेवढंच दिसायचं. ते काढलं होतं. तुम्ही विचारलं नाही."

काउंटरवर अकरा पुतळे ठेवून ती वर निघून गेली. मी पेपर उचलला आणि एकच बातमी चार वेळा वाचली. माणसाला आपली चूक बारा वर्षांनी कळावी आणि तीही आपल्याच गल्ल्याच्या वर फ्रेममध्ये टांगलेली असावी, यापरतं तोंडघशी पडणं दुसरं कोणतं? फ्रेम काढून ठेवावीशी वाटली. मग वाटलं, ती काढायची की नाही हेसुद्धा आता तिलाच विचारावं. विचारायचं धाडस मात्र झालं नाही.

इथून पुढे मी सावध होऊन वागायला हवं होतं. पण तीस वर्षांचा रंगवाला एका दुपारीत शहाणा होत नाही. दुसऱ्या दिवशी मी कामाला बसलो ते ठरलेल्या पद्धतीनं. दगडी पुतळा म्हणजे करडा रंग. माझ्याकडच्या शेडकार्डावर करड्याचे चाळीसेक नमुने आहेत. त्यातला एक धुरकट करडा निवडला, ऑइलपेंटचा डबा फोडला, आणि लोखंडी फाटकाला देतो तसे घड्याच्या बाईला दोन हात दिले. पहिला हात पातळ, दुसरा भरून. आमच्या धंद्यात झाकलं गेलं म्हणजे काम झालं. गंज झाकायचा, ओल झाकायची, भेग झाकायची. इथंही झाकलं गेलं. डोळे, नाक, ओठ, साडीच्या चुण्या, घड्यावरची नक्षी, सगळं. वाळल्यावर बघतो तर बाईच्या अंगावर कुणीतरी घट्ट खीर ओतल्यासारखं दिसत होतं.

घाबरून मी ती थिनरमध्ये बुडवली. थिनर माझ्याकडचा, फर्निचरवाले नेतात तो, जहाल. तासाभरानं बाहेर काढून दात घासायच्या ब्रशनं घासली, तर रंगासोबत नाकही निघून आलं. अंग चिकट झालेलं. मी ती रुमालात गुंडाळली आणि ड्रॉवरमध्ये टाकली. पन्नाशी ओलांडलेला माणूस शाळेतल्या पोरासारखी फुटलेली वस्तू लपवतोय, हे माझं मलाच दिसत होतं. संध्याकाळी चहाच्या वेळी मीच रुमाल उघडून तिच्यापुढे ठेवला.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. मला ओरडण्याला ओरडून उत्तर देता येतं. तिनं बाई हातात घेतली, उजेडाकडे धरली आणि म्हणाली, "हिनं काय पाहिलं होतं ते आता कुणालाच कळणार नाही." मग कप विसळून वर गेली. दोन दिवस तिनं ताट खोलीतच नेलं. बायको माझ्याकडे नुसती बघायची, ते तर फारच झोंबायचं.

तिसऱ्या दिवशी माझा एक जुना पेंटर दुकानात आला. सगळे त्यांना नाना म्हणतात. सत्तरीचे आहेत, धुळ्याजवळच्या खेड्यात राहतात आणि गावोगावच्या देवळांतल्या मूर्ती रंगवतात. ते पिवळा मागत होते आणि माझं लक्ष नव्हतं. काउंटरवर ती बाई पडली होती. नानांनी ती उचलून डोळ्यांजवळ नेली.

"हाई काय करं, भाऊ? हिनं तोंड कथं गयं?"

मी सगळं सांगितलं. पोरीचं, खेळाचं, दोन हातांचं. चित्राचं मात्र नाही. नाना पोटभर हसले. मग खोक्यातला हसणारा म्हातारा घेऊन त्यांनी बराच वेळ फिरवून फिरवून पाहिला.

"दगडले रंग देऊ नका," ते म्हणाले. "दगडवर काय काय बसेल शे, ते दखा. धूळ, पानी, ऊन, मानसंना हात. बठ्ठं दखा आनि मंग ब्रश उचला. लळिंगले जाई या एकदा."

लळिंगचा किल्ला आमच्या हायवेवर आहे. त्याच्या पायथ्यानं मी हजारदा गेलो असेन. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला स्कूटर काढली, चढून वर गेलो आणि एका पडक्या भिंतीसमोर बसलो. खिशात शेडकार्ड नेलं होतं. चाळीस करड्यांपैकी एकही जुळेना. दगड करडा नव्हताच मुळी. सांध्यांत काळा, पोटाकडे तपकिरी, खालच्या थरांना लाल मातीचा हात. जिथून पावसाळ्यात पाणी उतरतं तिथं काळपट ओघळ. पायरीच्या कडा मात्र पांढुरक्या, माणसांच्या पायांनी घासलेल्या. एका कोपऱ्यात वाळलेल्या शेवाळाच्या पिवळट खपल्या. तासभर बसलो. आयुष्यभर मी भिंती पाहिल्या, पण इथं कोणता रंग खपेल एवढ्याच नजरेनं. त्या भिंतीवर आजवर काय काय झालं ते भिंतच सांगत असते, आणि मी येऊन तिच्या तोंडावर दोन हात मारत होतो. फक्त भिंतीच्याच नव्हे. हे मनात आलं तेव्हा मला खरोखर लाज वाटली आणि मी उठून उगाच दोन-चार पावलं चाललो.

मग शिकायला बसलो. घड्याची बाई सरावाला घेतली, कारण तिचं आता आणखी काही बिघडण्यासारखं नव्हतं. शिवाय पांझरेच्या पात्रातून ओंजळभर गोटे आणले. ऑइलपेंट बंद केला आणि पाण्यात कालवायचे रंग घेतले. पद्धत सोपी, हाताला अवघड. आधी सगळा पुतळा काळा करायचा. मग झिजलेला, केस फिसकटलेला ब्रश तपकिरी-करड्यात बुडवायचा आणि तो रंग कापडावर जवळजवळ सगळा पुसून टाकायचा. ब्रश कोरडा वाटला पाहिजे. मग तो पुतळ्यावरून नुसता फिरवायचा. उंचवट्यांना रंग लागतो, खाचा काळ्याच राहतात. मग त्याहून फिका, आणखी कमी. शेवटी अगदी पातळ काळं पाणी, खाचांत उतरेल एवढंच, आणि चुकून साचलं तर टिपून घ्यायचं. घेतलेला रंग पुसून टाकायचा, हे माझ्या धंद्याच्या अगदी उलटं. पहिले दोन दिवस मी वाया गेलेल्या रंगाचे पैसे मनात मोजत होतो.

वर आमचा उन्हाळा. प्राइमर गच्चीवर फवारला तर तो पुतळ्यापर्यंत पोचेतो हवेतच वाळायचा आणि रवा पेरल्यासारखा खरखरीत बसायचा. मग सकाळी सहाला फवारायला लागलो. ताटलीत काढलेला रंग पाच मिनिटांत कातडं धरायचा. मी डब्याच्या झाकणात ओला फडका घातला, त्यावर बटरपेपर ठेवला, आणि रंग त्याच्यावर काढायला लागलो. ते झाकण जेवणाच्या डब्याचं होतं हे बायकोला उशिरा कळलं. "आते त्याच डबामा भाजी न्या," ती म्हणाली. पुतळे बाटल्यांच्या झाकणांवर चिकटवले, म्हणजे अंगाला बोट लागत नाही. कूलर बंद ठेवायचा, कारण त्याच्या दमट वाऱ्यानं ओघळ येतात. अंगातून घामाच्या धारा आणि हातात नखाएवढा चेहरा. तरी सांगतो, हसणाऱ्या म्हाताऱ्यावरून तिसऱ्यांदा कोरडा ब्रश फिरवला आणि त्याच्या डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या एकदम उजेडात आल्या, तेव्हा मी एकटाच "अरे!" असं ओरडलो. मी त्या काढल्या नव्हत्या. त्या तिथं होत्याच. मी फक्त त्यांना बुजवलं नव्हतं.

त्या ओरडण्यानं मुलगी खाली आली. म्हातारा बघितला, झाकणासकट फिरवला.

"ह्याचे दात दिसायला लागले," ती म्हणाली.

"नानांनी लळिंगला पाठवलं होतं."

"तुम्ही गेलात?" तिला खरंच आश्चर्य वाटलं. मग वर जाऊन आपली दार लावणारी मुलगी घेऊन आली आणि काउंटरच्या पलीकडच्या बाजूला बसली.

त्यानंतर रोज दुपारी आम्ही समोरासमोर बसायला लागलो. शटर अर्धं, कूलर बंद. फार बोलणं नव्हतं. "पाणी द्या", "हा ब्रश घेऊ का?", "ह्याच्या कोपरावर शेवाळ दाखवू का, पावसात उभा असेल ना हा?" शेवटचा प्रश्न माझा. हा माणूस कुठं उभा होता, घराच्या आत की बाहेर, तोंड कुणीकडे, हे मी तिला विचारायला लागलो, कारण ते माहीत नसलं तर ओघळ कुठून काढायचा ते कळत नाही. ती सांगायची. डोळ्यांपुढे हात धरणारा माणूस गावाच्या वेशीवर होता. हसणाऱ्या म्हाताऱ्याला काही दिसलंच नव्हतं, तो कुणाच्या तरी विनोदावर हसता हसता दगड झाला. सांगताना तिचा ब्रश थांबायचा आणि चेहरा बदलायचा. ह्या सगळ्या माणसांची घरं, भांडणं, वयं तिच्या डोक्यात होती. मी दोन महिने वरच्या खोलीत एक रिकामी बसलेली पोरगी आहे असं समजत होतो.

आखाजीला पाहुणे आले. बायकोची थोरली बहीण पुरणपोळीचा घास हातात धरून म्हणाली, "आते काय करस वं माय तू?" अशा वेळी तिच्या आधी मी उत्तर देतो. माझं तोंड उघडलंही होतं. मी त्यात आंब्याच्या रसाची वाटी रिकामी केली.

"गोष्टी रचते, अक्का," मुलगी म्हणाली.

"त्याना पगार काय शे?"

"काही नाही अजून."

अक्कांनी माझ्याकडे बघितलं. मी रस मागितला.

खेळाच्या आदल्या दिवशी, शनिवारी, माझे दहाही पुरे झाले. तिचा पुतळाही झाला, पण नीट झाला नव्हता. ब्रश कोरडा करायचा कंटाळा केलेला. फिका रंग भसाभसा बसलेला, त्यामुळे ती दार लावणारी दगडी मुलगी पिठाच्या डब्यात पडून उठल्यासारखी दिसत होती. चेहऱ्यावर तर सगळ्यात जास्त. आणि हीच त्या गोष्टीतली मुख्य मुलगी. हिच्या नजरेवरून शेवटचं कोडं सुटायचं. माझी पोरगी तिला वाळायला ठेवून अंघोळीला गेली. बायको आत पडली होती.

मी त्या पुतळ्याकडे पाहत राहिलो. काय करायला हवं ते मला स्वच्छ दिसत होतं. पातळ काळ्या पाण्याचा एक हात, गालाखालून टिपून घ्यायचं, संपलं. अर्ध्या मिनिटाचं काम. तिला कळणारही नाही. कळलंच तर बरंच वाटेल. उद्या सहा अनोळखी माणसं हे हातात घेणार, पोरीचं पहिलंच काम, हसतील तिला. एवढ्या सगळ्या चांगल्या कारणांची रांग माझ्यापुढे उभी राहिली. आठवीच्या वेळीही हीच कारणं होती. तरीही मी काळं कालवलं, पाणी घातलं, ब्रश भरला. खोटं कशाला सांगू, पुतळा माझ्या डाव्या हातात होता आणि ब्रशचं टोक त्याच्या कपाळापासून जवभर लांब होतं. हात मात्र खाली उतरत नव्हता. किती वेळ तसा बसलो कोण जाणे. मान वर केली तर जिन्याच्या तळाशी मुलगी उभी, केसांना टॉवेल.

"अजून लावला नाही," मी म्हणालो.

"लावणार होतात?"

"हो."

 पळून जायला जागा नव्हती, आणि मला पळायचंही नव्हतं. मी पुतळा खाली ठेवला.

"ते बाजाराचं चित्र," मी म्हणालो, "ते तुझं चांगलं होतं. मी बिघडवलं. माझं चुकलं."

बायकोशी भांडणात, गिऱ्हाइकाशी हुज्जतीत, भावांच्या वाटणीत, कुठंच मी हे दोन शब्द पुरे उच्चारल्याचं मला आठवत नाही.  ती खाली बघत होती. टॉवेलमधून पाणी ठिबकत होतं आणि तिनं ते पुसलं नाही. मग समोर येऊन बसली, पुतळा उचलला.

"काय चुकलंय हिचं?"

"पांढरं जास्त बसलंय. चेहरा बुजला."

"मग काय करायचं?"

मी ब्रश तिच्या हातात दिला आणि सांगितलं. किती पाणी, कुठून कुठं, कधी टिपायचं. माझे दोन्ही हात मी मांड्यांखाली दाबून ठेवले, कारण माझा त्यांच्यावर भरवसा नव्हता. तिनं ब्रश टेकवला. पाणी जास्त झालं. एक ओघळ कपाळावरून गालापर्यंत उतरला. ती टिपायला गेली ती उलट दिशेनं. मी जीभ दातांखाली धरली. तिनं पुन्हा केलं, आणखी एकदा केलं. हळूहळू डोळे दिसायला लागले, ओठ दिसायला लागले. गालावरचा डाग मात्र राहिला तो राहिलाच.

"डाग राहिला," ती म्हणाली.

"राहिला."

"असू दे."

"असू दे," मी म्हणालो, आणि उठून शटर वर केलं, कारण चार वाजून गेले होते आणि बाहेर एक जण डिस्टेंपरसाठी ताटकळत उभा होता.

रविवारी सकाळी ती म्हणाली, "येता का जळगावला? बसमध्ये खोकं धरायला कुणीतरी लागेल." मी पारोळा, एरंडोल करत खोकं मांडीवर धरून गेलो, एका गचक्यालाही टेकू दिलं नाही. मैत्रिणीच्या घरी मोठं टेबल होतं, त्याभोवती सहा पोरंपोरी. मला कोपऱ्यात खुर्ची मिळाली. मुलीनं अकरा पुतळे एका घडी घातलेल्या चादरीच्या गावात मांडले आणि गोष्ट सुरू केली.

तीन तास ती बोलत होती. मला माहीत नव्हतं की माझ्या पोरीला असा आवाज आहे. कधी कुजबुजायची, कधी उभी राहायची, फासा घरंगळला की सगळे ओरडायचे आणि ती सगळ्यांना थांबवून पुढचं सांगायची. पोरं मोबाइलच्या उजेडात एकेक चेहरा निरखून बघत होती, वाद घालत होती. शेवटी दार लावणारी मुलगी एकाच्या हातात आली.

"बाकीचे मस्त आहेत," तो म्हणाला, "हिच्याच तोंडावर हा डाग कसला?"

माझ्या जिभेवर वाक्य तयार होतं. पहिलाच प्रयत्न आहे तिचा, असं काहीतरी. मी ते गिळलं.

"ती मी रंगवली," मुलगी सहज म्हणाली. "पाणी जास्त झालं. डोळे बघ, कुठं बघतेय?"

त्यानं डोळे बघितले. बाकीचे त्याच्या खांद्यावरून वाकले, आणि खेळ पुढे गेला.

परतीच्या बसमध्ये ऊन उतरलं होतं. ती खिडकीशी बसली होती, खोकं आता तिच्या मांडीवर. एरंडोल मागे पडलं. मग तिनं खोक्याचं झाकण थोडं उघडून आत पाहिलं आणि परत लावलं.

"पुढच्या गोष्टीला वीस पुतळे लागतील," ती म्हणाली. "त्यातले दहा मी करीन."

मला एकदम भरून आलं. बसमध्ये माणसं होती, म्हणून मी चष्मा काढून शर्टाला पुसत बसलो. दहा म्हणाली होती ती. कोणते दहा, ते माझ्या तोंडात आलं होतं. पण ती खिडकीबाहेर बघत मनातल्या मनात काहीतरी जुळवत होती, म्हणून मी चष्मा लावला आणि ती सांगेल याची वाट बघत बसलो.